पत्र वाचायच्या आधी त्याची जागा टिपा: जुन्या पत्रांची सूची कशी करतात

ठाण्यात नौपाडा, चरई, खारकर आळी या भागांतली जुनी घरं एकामागून एक पुनर्विकासाला चालली आहेत. घर रिकामं करताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरते आणि तिच्या तळाशी कापडात बांधलेले कागद सापडतात. अक्षर मोडी, घरात वाचणारं कुणी नाही. बिल्डरने दिलेली मुदत जवळ आलेली असते. मग कुणीतरी म्हणतं, फोटो काढून ठेवू या, हल्ली कॉम्प्युटर मोडी वाचतो म्हणे. त्यात तथ्य आहे. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी हस्तलिखितांचं देवनागरीत लिप्यंतर करणारी प्रणाली जाहीर केली. त्याच्या आदल्या वर्षी, ३ ऑक्टोबर २०२४ ला, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता. त्यामुळे जुन्या कागदांबद्दल एकूणच कुतूहल वाढलं आहे आणि मला त्याचा आनंद आहे.

पण या उत्साहात एक पायरी गळते. पत्र वाचायच्या आधी त्याची नोंद व्हायला हवी. पत्र कुठल्या गठ्ठ्यात होतं, त्याच्या वर काय होतं, खाली काय होतं, मागच्या बाजूला कुणी काय खरडलंय, हे आधी टिपलं नाही तर पुढे कितीही चांगला वाचक मिळाला तरी पत्राचा अर्धा अर्थ गेलेला असतो. ही नोंद करण्याचं शास्त्र आहे आणि ते कुणालाही शिकता येतं. इतिहासाची पदवी नसली तरी चालते, चिकाटी मात्र लागते.

सूची म्हणजे नेमकं काय

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, त्यामुळे पुस्तकांची सूची ठाणेकरांना ठाऊक आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानांवर नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष असं सगळं छापलेलं असतं. ग्रंथपालाला ते उतरवून घेता येतं. शिवाय ठाण्यातली प्रत हरवली तरी तेच पुस्तक पुण्यात किंवा नागपुरात सापडू शकतं.

पत्राचं तसं नसतं. ते जगात एकच असतं. त्याला शीर्षक नसतं, वर्ष बहुतेक वेळा अर्धवट असतं, लिहिणाऱ्याचं नाव नमस्कारात कुठेतरी दडलेलं असतं. पत्राची नोंद करणाऱ्याला ही माहिती शोधून काढावी लागते, कधी पत्रातून, कधी शेजारच्या कागदातून. कुणी, कुणाला, केव्हा, कशाबद्दल लिहिलं, कागद किती आहेत आणि ते आज कुठे ठेवलेत, एवढं सांगणारी नोंद म्हणजे पत्राची सूचीनोंद. अशा नोंदींची शिस्तशीर मांडणी म्हणजे सूची.

आणखी तीन शब्द सांगून ठेवते, पुढे लागतील. एखाद्या घराण्याकडे किंवा कचेरीत कामाच्या ओघात साचत गेलेले सगळे कागद मिळून 'दप्तर' होतं. ते कापडात बांधून ठेवत, त्या बांधणीला 'रुमाल' म्हणतात. रुमालाच्या आतल्या छोट्या गठ्ठ्याला 'पुडकं' म्हणतात. पुण्यातल्या पेशवे दप्तराची मोजदाद आजही रुमालांतच होते. आणि असे मूळ कागद जतन करणाऱ्या संस्थेला पुराभिलेखागार म्हणतात. मुंबईत हे काम १८२१ पासून चालू आहे, राज्याचं पुराभिलेखागार आहे ते तिथेच.

पहिला नियम: गठ्ठा विस्कटू नका

नवशिक्याचे हात शिवशिवतात ते इथेच. गठ्ठा सोडला की वाटतं, तारखेप्रमाणे लावू, किंवा मोठ्या लोकांची पत्रं बाजूला काढू. ते करू नये.

आपल्या हाउसिंग सोसायटीची फाइल डोळ्यासमोर आणा. तिसऱ्या मजल्यावरच्या गळतीची तक्रार, त्यामागे प्लंबरचा अंदाज, त्यामागे कमिटीच्या सभेचा ठराव, शेवटी बिल. नव्या सेक्रेटरीने हौसेने ही फाइल फोडून सगळी बिलं एकीकडे, सगळ्या तक्रारी दुसरीकडे आणि आमदारांच्या सहीचं पत्र फ्रेममध्ये लावलं, तर एकही कागद हरवलेला नाही, पण कुठलं बिल कुठल्या गळतीचं हे कायमचं गेलं. कन्व्हेयन्सचा वाद उभा राहिला की या फाइलचा काही उपयोग नाही.

जुन्या दप्तराचं हेच होतं. एका दप्तरातले कागद दुसऱ्यात मिसळायचे नाहीत हे तत्त्व फ्रान्समध्ये १८४१ मध्ये सरकारी सूचनेने लागू झालं. ठेवणाऱ्याने ज्या क्रमाने कागद ठेवले तो क्रमही शक्यतो मोडायचा नाही, ही जोड त्याला पुढे मिळाली. आज जगभरची पुराभिलेखागारं याच दोन पायांवर उभी आहेत.

यातून एक साधी पण फार कामाची गोष्ट कळते. पाठवलेलं पत्र पाठवणाऱ्याकडे राहत नाही, ते ज्याला पाठवलं त्याच्या घरी जातं. म्हणजे एखाद्याच्या दप्तरात बहुतांशी त्याला आलेली पत्रं असतात, आणि त्याने पाठवलेल्यांचे फार तर मसुदे किंवा नकला. पत्रात ज्याला लिहिलंय त्याचं नाव फाटून गेलं असेल, पण ते कुणाच्या दप्तरात होतं हे माहीत असेल, तर ते कुणाला आलं याचा अंदाज बांधता येतो. गठ्ठा विस्कटला की हा अंदाजही गेला.

वरून खाली उतरायचं

पत्रांची सूची पहिल्या पत्रापासून सुरू होत नाही. आधी सगळ्या दप्तराचं वर्णन: कुणाचं, कुठून आलं, साधारण कुठल्या काळातलं, किती रुमाल, कुठल्या लिप्या आणि भाषा. मग त्यातले विभाग, जसे जमाखर्च, वतनाचे कागद, खाजगी पत्रव्यवहार. मग रुमाल, पुडकं आणि सगळ्यात शेवटी एकेक पत्र. वरच्या पायरीवर सांगितलेली गोष्ट खाली पुन्हा लिहायची नाही. घराण्याचा इतिहास एकदाच, दप्तराच्या नोंदीत. प्रत्येक पत्रापाशी तो उगाळत बसलं तर आयुष्य पुरणार नाही.

आंतरराष्ट्रीय पुराभिलेख परिषदेने या वर्णनाचे नियम १९९४ मध्ये प्रसिद्ध केले आणि १९९९ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती मंजूर झाली. 'आयसॅड-जी' या नावाने ते ओळखले जातात. त्यात एकूण २६ रकाने आहेत, पण सहा रकान्यांना पर्याय नाही: क्रमांक, शीर्षक, कागद कुणी निर्माण केला, काळ, किती कागद, आणि ही नोंद कुठल्या पायरीवरची आहे. बाकीचे जमतील तसे. शिकाऊ माणसाला मी हेच सांगते की पहिल्या फेरीत सहाच रकाने भरा, पण सगळ्या पत्रांचे भरा. दहा पत्रांची देखणी नोंद आणि बाकी रुमाल तसाच, याचा अभ्यासकाला काही फायदा नाही.

एक पत्र हातात घेऊ

हात धुऊन कोरडे करायचे. कापडी हातमोज्यांनी बोटांची जाणीव कमी होते आणि कडा फाटतात, म्हणून कागदासाठी स्वच्छ हातच बरे. टेबलावर पेन, चहा, पाणी काही नको, फक्त शिसपेन्सिल. जुनी शाई पुष्कळदा काजळाची असते, तिला पाण्याचा थेंब लागला की अक्षर पसरतं. ठाण्याच्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की भर आषाढात रुमाल सोडूच नये असं माझं मत आहे. घडी उलगडताना कधी कधी बोटांना बारीक वाळू लागते. लिहून झाल्यावर शाई टिपायला टाकलेली ती वाळू. तो कण झटकताना अक्षरावरून बोट फिरवायचं नाही, कागद तिरका धरून मऊ ब्रशने सोडवायचा.

आता पत्र. हा नमुना मी समजावण्यासाठी रचला आहे, घडण मात्र पेशवाईतल्या नेहमीच्या पत्राची आहे:

"श्री. राजश्री अमुक गोसावी यांसी. सेवक तमुक नमस्कार विनंति येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत असिलें पाहिजे. विशेष. भात खंडी पंचवीस ठाणियाचे बंदरीहून होडीने लष्करास रवाना केले असे. पावलियाचे उत्तर पाठवावे. छ २१ सवाल. बहुत काय लिहिणे. हे विनंति."

मोडीत हे सगळं सलग असतं. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली हात फारसा न उचलता लिहिलेलं, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. पण सूचीकाराला प्रत्येक अक्षर लागावं लागत नाही. तो पत्राच्या ठरलेल्या जागा बघतो. सुरुवातीच्या मायन्यावरून दोघांचं नातं कळतं: 'तीर्थरूप' वडीलधाऱ्यांना, 'चिरंजीव' धाकट्यांना, 'श्रीमंत' धन्याला, 'राजश्री' बरोबरीच्याला. इथे एक सावधगिरी हवी. 'चिरंजीव' म्हणजे मुलगाच असं धरू नये, धाकटा भाऊ किंवा पुतण्याही असतो. 'विशेष' किंवा 'विनंति उपरी' यानंतर कामाचा मजकूर सुरू होतो. 'बहुत काय लिहिणे' आलं की पत्र संपलं. शेवटी शिक्का असेल तर त्याची नोंद. पत्र लांब असेल तर कागदाच्या पट्ट्या एकीला एक चिकटवलेल्या असतात, त्यांना 'बंद' म्हणतात. त्या सुटल्या असतील तर किती बंद हातात आहेत हे मोजून लिहायचं.

आणि मग पत्र उलटायचं. पाठीवर बऱ्याचदा दुसऱ्या हाताने दोन शब्द असतात: 'पै॥', म्हणजे पैवस्त, पत्र पोचल्याची तारीख. पत्र ज्याच्याकडे आलं त्याच्या कारकुनाने लिहिलेली ती नोंद असते. नवखे लोक पाठीचा फोटोही काढत नाहीत, आणि नेमकं वर्ष तिथेच सापडायचं असतं.

या पत्राची नोंद साधारण अशी होईल. रुमाल ३, पुडके २, पत्र १७. ठाण्याहून लष्कराकडे २५ खंडी भात होडीने रवाना केल्याबद्दल तमुक यांचे अमुक यांस पत्र. छ २१ सवाल, वर्ष दिलेले नाही. एक बंद, मोडी, मराठी. पाठीवर पैवस्ती. डाव्या कडेला कसर, मजकूर शाबूत. एवढंच. पाच ओळींत पत्राची ओळख झाली, आणि ज्याला ठाण्याच्या बंदरावर काम करायचंय त्याला ते सापडेल.

तारीख काढायची कशी

सूचीतलं सगळ्यात कठीण आणि मला सगळ्यात आवडणारं काम हे. 'छ २१ सवाल' यातला 'छ' म्हणजे चंद्र, चांद्र महिन्याची तारीख. सवाल हा हिजरी वर्षातला दहावा महिना. वर्ष मात्र बहुधा सुहूर सनाचं, म्हणजे मराठी दप्तरांत चालणाऱ्या एका जुन्या कालगणनेचं, तेही अरबी संख्याशब्दांत लिहिलेलं. समजा पाठीवरच्या पैवस्तीत 'सु॥ तिसा सलासीन मया व अलफ' आहे. तिसा ९, सलासीन ३०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११३९.

सुहूर सन मृगाला सुरू होतो, म्हणजे मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंत ६००. ११३९ मध्ये ५९९ मिळवले की १७३८ येतं आणि घाईचा माणूस तेच लिहून मोकळा होतो. पण त्या वर्षी सवाल महिना जानेवारी-फेब्रुवारीत आला होता. म्हणून ६०० मिळवायचे. पत्र १७३९ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीचं. वसईची मोहीम ऐन भरात होती तेव्हाचं. २५ खंडी भाताला एकदम संदर्भ मिळतो.

वर्ष कुठेच नसेल तर? चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं, त्यामुळे सवाल महिना दरवर्षी तेवढा मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. पत्रात 'सवाल' आहे आणि 'पर्जन्य फार, होडी चालत नाही' असंही लिहिलंय, तर ते पत्र १७३९ चं असूच शकत नाही. सवाल पावसाळ्यात यायला तिथून पुढे दहा-बारा वर्षं जावी लागतात. पावसाच्या एका वाक्यावरून कितीतरी वर्षं बाद करता येतात ती अशी. शके दिला असेल तर सोपं. ७८ मिळवायचे, आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९. संवत्सराचं नाव सोबत असेल तर ताळाही मिळतो. शके १६६० ला कालयुक्त संवत्सर होतं. कागदावर शके १६६० आणि भलतंच संवत्सर असेल तर आकडा वाचण्यात चूक झाली असेल, किंवा कागदच संशयास्पद असेल.

इंग्रज आणि पोर्तुगीज कागदांतही खाचखळगे आहेत, आणि ठाणे-वसई भागात ते सतत भेटतात. पोर्तुगीज १५८२ पासून आजचंच कॅलेंडर वापरत होते. इंग्रज सप्टेंबर १७५२ पर्यंत जुनंच, म्हणजे अठराव्या शतकात ११ दिवस मागे. त्यावर आणखी, त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. मुंबईहून गेलेल्या इंग्रजी पत्रावर '१० फेब्रुवारी १७३८' असेल तर आपल्या हिशेबाने ते १७३९ चं पत्र आहे. वसईचा ताबा मराठ्यांना मिळाल्याची तारीख कुठे १२ मे १७३९ तर कुठे २३ मे दिसते. दोन्हींतलं अंतर बरोबर ११ दिवसांचं. सूचीकाराने मूळ तारीख जशीच्या तशी उतरवायची आणि शेजारी आजची. मूळ खोडून आजची लिहिली तर चूक शोधायला जागाच राहत नाही.

एका माणसाची अनेक नावं

चिमाजी अप्पा कागदात 'चिमणाजी बल्लाळ' असतात आणि त्यांचे थोरले बंधू 'बाजीराव बल्लाळ'. वडील बाळाजी विश्वनाथ, म्हणून मुलांच्या नावापुढे बल्लाळ. दुसरे बाजीराव 'बाजीराव रघुनाथ'. नाना फडणवीस 'बाळाजी जनार्दन', आणि नानासाहेब पेशवे 'बाळाजी बाजीराव'. सूचीत नुसतं 'नाना' किंवा 'बाळाजी' लिहिलं तर दोन पिढ्यांची पत्रं एकमेकांत मिसळतील.

यावर उपाय म्हणजे नावांची वेगळी वही. प्रत्येक व्यक्तीचं एक ठरलेलं नाव, खाली तिची बाकीची नावं, पदं, काळ. सूचीत सगळीकडे ठरलेलंच नाव वापरायचं, पत्रातलं नाव जसं आहे तसं शीर्षकात ठेवायचं. गावांचंही तेच. ठाणे इंग्रजी कागदात 'टॅना', आसपासचा मुलूख मराठीत 'साष्टी' आणि इंग्रजीत 'सालसेट', वसई 'बसीन'. बसीन नावाचं एक शहर ब्रह्मदेशातही आहे, तेव्हा कंपनीच्या कागदात ते दिसलं की थांबून बघावं.

गोषवारा: किती लिहायचा आणि काय लिहायचं नाही

पत्राचा सारांश एका-दोन वाक्यांत. कोण काय करतोय हे क्रियापदात यायला हवं: मागतो, कळवतो, तक्रार करतो, मंजूर करतो. 'महत्त्वाचं पत्र', 'दुर्मीळ', 'हृदयस्पर्शी' असले शेरे नकोत. आज जे क्षुल्लक वाटतं ते उद्याच्या अभ्यासकाला सोन्यासारखं असतं. पत्रातलं मत आपलं म्हणून लिहायचं नाही. पत्रलेखक कुणाला 'लबाड' म्हणत असेल तर ते अवतरणात. जे अक्षर लागलं नाही तिथे टिंबं द्यायची, जे अंदाजाने भरलं ते चौकटी कंसात आणि अंदाज कशावरून केला तेही शेजारी. खात्री नसलेली तारीख खात्रीने लिहिली गेली की ती पुढच्या चार पुस्तकांत शिरते आणि मग कुणाच्याच्याने निघत नाही.

पत्र कुणाच्या हाताचं आहे हेही पाहावं. बहुतेक पत्रं कारकुनाच्या वळणदार अक्षरात असतात. शेवटच्या दोन ओळी वेगळ्या, घाईच्या हाताने असतील तर त्या बहुधा खुद्द पाठवणाऱ्याच्या. ते नोंदवा. सगळ्यात जिवाभावाचं किंवा सगळ्यात गुप्त बोलणं त्या दोन ओळींत असतं.

"यंत्र वाचेल की, मग सूची कशाला?"

हा प्रश्न हल्ली प्रत्येक जण विचारतो आणि तो रास्त आहे. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या जागतिक अक्षरसंचात, जागा मिळाली, आता लिप्यंतराच्या प्रणाली येत आहेत, पुढे त्या आणखी चांगल्या होतील. मी त्यांची वाट बघते आहे. हजारो रुमाल माणसांनी वाचून संपणारे नाहीत.

पण यंत्राला तुम्ही फोटो देता. फोटोत जे आहे तेच ते वाचणार. हे पत्र कुठल्या पुडक्यात होतं, त्याच्यासोबत कुठला हिशेब बांधलेला होता, पाठीवर पैवस्ती होती पण तिचा फोटोच काढला नव्हता, हे त्याला कसं कळावं? 'छ २१ सवाल' हे त्याने बिनचूक वाचलं तरी वर्ष पाठीवर किंवा शेजारच्या कागदात असतं. सूची चांगली असेल तर यंत्राचं वाचन योग्य पत्राला जोडता येतं, तपासता येतं, दुरुस्त करता येतं. सूची नसेल तर मजकुराचा ढीग तयार होईल आणि त्यातलं एकही वाक्य इतिहासकाराला पुरावा म्हणून वापरता येणार नाही. ही कड्या जोडण्याची गरज इतकी वाढली आहे की २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय पुराभिलेख परिषदेने वर्णनाचा नवा आराखडा आणला. त्याचा सगळा भर कागद, माणसं आणि कामं यांच्यातल्या नात्यांवर आहे.

"फुटकळ पत्रं कशाला नोंदवायची?"

लोकांना शिवाजी महाराजांचं, पेशव्यांचं पत्र हवं असतं. भाताच्या होडीचं पत्र कुणाला हवंय? मला हवंय. ठाण्याच्या खाडीत कुठला माल कुठल्या महिन्यात जात होता, खंडीला काय भाव होता, मिठागरांवर कोण राबत होतं, देवीची साथ कुठल्या गावात आली, हे थोरांच्या पत्रांत क्वचितच येतं. ते अशा चार ओळींच्या पत्रांत असतं, आणि एकट्या पत्रात नसून शंभर पत्रं रांगेने लावली की दिसतं. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले आणि १८९८ मध्ये त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. पानिपतापर्यंतच्या दहा-अकरा वर्षांची पत्रं त्यात आहेत. त्यांतली कितीतरी पत्रं लिहिणाऱ्याच्या दृष्टीने रोजच्या कामाची होती.

शिकायचं असेल तर

मोडी आधी. राज्याचं पुराभिलेखागार आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. व्यवसाय म्हणून या क्षेत्रात यायचं असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची पुराभिलेखशास्त्राची पदविका आहे. मोडी शिकताना सुटी अक्षरं घोटत बसण्यापेक्षा मायने पाठ करावेत. पत्राची सुरुवात आणि शेवट ठरलेला असतो, तो ओळखीचा झाला की त्याच लेखकाची अक्षरवळणं मधल्या मजकुरात आपोआप सापडायला लागतात. छापील मूळ पत्रसंग्रह सोबत ठेवून वाचावं. हिजरी महिने आणि अरबी संख्याशब्द कागदावर लिहून टेबलासमोर लावावेत. आणि आपली नोंद दुसऱ्याकडून तपासून घ्यावी, शक्य असेल तर त्याला आपलं उत्तर न दाखवता. दोघांची तारीख वेगळी आली तर पत्र पुन्हा उघडायचं.

घरात रुमाल सापडला तर

गठ्ठा सोडण्याआधी बांधलेल्या स्थितीतच चारी बाजूंनी फोटो काढा. ट्रंकेत तो कुठे होता, सोबत काय होतं, ट्रंक कुणाची होती, घरातल्या वडीलधाऱ्यांना काय आठवतं, हे एका कागदावर लिहून त्यावर तारीख घाला. मग एकेक कागद क्रमाने उचलत पाठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडा टाका आणि पाठपोट दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, फोटोत आकडा दिसेल असे. सेलोटेप लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत कागद पिवळा करतो. लॅमिनेशन तर नकोच. उष्णतेने कागद प्लॅस्टिकला चिकटतो आणि पुन्हा सुटत नाही. लोखंडी टाचण्या आणि स्टेपलच्या पिना गंजतात, त्या हलक्या हाताने काढा. रुमालात वेखंड ठेवण्याची जुनी पद्धत कसरीसाठी होती. ते ठेवायचंच तर कागदाला न लागेल असं, सुती पुरचुंडीत.

कागद सरकार काढून घेईल ही भीती पुष्कळांच्या मनात असते. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित ७५ वर्षांहून जुनं असेल तर ते पुरावशेष ठरतं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. घरचा कागद घरी ठेवणं गुन्हा नाही. कारीच्या जेधे देशमुखांनी जपलेली शकावली, म्हणजे घटनांची वर्षवार टिपणं, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आणि शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या चर्चेत ती कळीची ठरली. ती तोवर एका घरातच होती.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. आजोबा-पणजोबांच्या पत्रांत दत्तकाचे वाद, आजारपणं, कर्ज, कुणाच्या संसारातली भांडणं असतात. अशा पत्रांची नोंद करा, पण गोषवारा मोघम ठेवा आणि अमुक वर्षांपर्यंत वाचायला देऊ नये अशी अट घाला. संस्था अशा अटी पाळतात. पत्र जाळून टाकण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला.

संस्थेला द्यायचं ठरलं तर सगळं दप्तर एकत्र द्या. भावाभावांत वाटून चार ठिकाणी देऊ नका, आणि शिक्का असलेली पत्रं दिवाणखान्यासाठी मागे ठेवू नका. फारच जीव अडकला असेल तर त्याची चांगली छापील प्रत काढून लावा. देताना रुमाल, पुडकी आणि कागदांची संख्या असलेली आपली यादी दोन प्रतींत करा, अटी त्यावरच लिहा, आणि एक प्रत संस्थेच्या सहीशिक्क्यासह आपल्याकडे ठेवा.